बुटक्या शिपायाचा दस्ता

पृथ्वीच्या पार दक्षिणेकडच्या तुआतापेरे गावात डेस टलॉकची उभी हयात लाकूड कापायच्या गिरणीत गेली. रिमू असो, तोतारा असो, जे झाड आलं ते त्याने आडवं घालून चिरलं. पण रायफलीचं लाकूड त्याने कधी कापलं नाही, आणि हे तो कोणी न विचारता सांगायचा. बाकीचं विचारलं तरी सांगायचा नाही. माणूस शब्दाला महाग. लग्न का नाही केलंस म्हणून कोणी खोदून विचारलंच तर म्हणायचा, ‘राहून गेलं’. जसं काही येताना दूध आणायचं राहून गेलं.

त्याला राग एकाच गोष्टीचा. महायुद्धं संपली तशा ब्रिटिश लष्कराच्या थ्री-नॉट-थ्री रायफली या मुलखात स्वस्तात मिळू लागल्या. जो तो मेंढपाळ एक घेऊन आला, आणि घरी आल्या आल्या पहिलं काम काय, तर हातात करवत! या रायफलीला लाकूड पार नळीच्या तोंडापर्यंत असतं. डोंगरात हरणामागे पळायचं तर तेवढं ओझं कशाला, म्हणून पुढचं निम्मं लाकूड कापून चुलीत. कोणी खांद्याला टेकायचा दस्ता तासला, कोणी नळीच छाटली. गावातल्या सगळ्या आजोबांना आणि बापांना डेस सरसकट ‘खाटीक’ म्हणायचा, त्यात त्याचे स्वतःचे वडीलही आले.

निवृत्त झाल्यावर त्याने एकच उद्योग मांडला. कापलेल्या रायफली गोळा करायच्या, जुनं लष्करी लाकूड कुठून कुठून मिळवायचं, आणि एकेक रायफल शिपायाच्या हातात होती तशी पुन्हा उभी करायची. शनिवारी दुपारी त्याच्या शेडमध्ये अशीच चार डोकी जमायची. त्यांचा एक रिवाज होता. एखादी रायफल पुरी झाली की खाटकाने कापलेलं जुनं लाकूड बिडाच्या शेगडीत घालायचं आणि त्यावर सगळ्यांचा चहा उकळायचा. शेगडीचं दार लावताना हेमी पराता दरवेळी ओरडायचा, “खाटकाच्या नावानं चांगभलं!” हेमी जन्माचा कोळी, तोंडाचा फाटका, आणि डेसचा एकुलता एक जवळचा मित्र.

रेविन हॅगर्ट नदीपलीकडे राहायची. मेंढ्या, दोन कुत्री आणि ती. उंचीने एवढीशी, कुंपणापलीकडचं बघायचं तर टाचा उंच करायची. आवाज मात्र तीन कुरणांपलीकडे जायचा. तिचा नवरा मर्व दोन हिवाळ्यांपूर्वी गेला. डेसला ती आवडायची. सरळच सांगायचं तर जीव जडला होता, आणि हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, टपालवाल्याच्या कुत्र्यालासुद्धा. फक्त डेसला वाटायचं की कुणाला ठाऊक नाही.

तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला, म्हणजे तिकडे डिसेंबरात, रेविन लोकरीच्या पोत्यात गुंडाळून एक रायफल घेऊन आली.

“घरची आहे. पडून पडून बोल्ट गंजलाय. एप्रिलच्या आत चालती करून दे.”

“देतो.”

एप्रिलमध्ये नर हरणं डोंगरात माद्यांसाठी ओरडायला लागतात, शिकारीचा हंगाम येतो आणि गावातली निम्मी माणसं आजारी पडून कामावर येत नाहीत. तेव्हा एप्रिल का, हे विचारायचं कारण नव्हतं. पण कुणासाठी, हे विचारायला हवं होतं. डेसने विचारलं नाही. घरची म्हणजे मर्वची, असं तो आपलं धरून चालला.

पोतं सोडलं आणि त्याचा जीव कळवळला. पुढचं लाकूड कापलेलं. दस्ता तर इतका आखूड करून ठेवलेला की पोराच्या खेळण्यातला वाटावा. आणि नुसता आखूड नाही, खालचं टोकही तिरकं छाटून गोल केलेलं. डेसने मर्वच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग त्याने चिंधीने गंज पुसला आणि थबकला. गोळी भरायला मागेपुढे सरकवायच्या बोल्टवर, सांगाड्यावर, नळीवर, सगळीकडे एकच नंबर. शंभर वर्षांत कुणी एकही लोखंडी भाग बदलला नव्हता. अशी रायफल या लोकांना स्वप्नात येते आणि सकाळी उठून ते बायकोला सांगत नाहीत.

नुसता बोल्ट मोकळा करायचा तर अर्ध्या दिवसाचं काम. डेसने उन्हाळाभर घेतला. पुढचं लाकूड त्याच्याकडे एकच होतं, खरं लष्करी, कोरं; स्वतःच्या रायफलीसाठी त्याने किती वर्षं वाट बघून मिळवलेलं. ते त्याने या रायफलीला घातलं. दस्ताही पूर्ण मापाचा, तोही जुना अक्रोडाचा.

हेमी एकदा बाजूला बसून बघत होता.

“स्वतःची उघडी ठेवून दुसऱ्याच्या बायकोच्या रायफलीला कपडे शिवतोयस होय?”

“मेलाय तो.”

“कोण?”

“मर्व.”

“म्हणजे आता ती दुसऱ्याची बायको नाही, असं तुझं म्हणणं.”

डेस कानस घासत राहिला. कान मात्र लाल झाले.

“एक विचारू?” हेमीने कापलेला जुना दस्ता हातात घेऊन उलटासुलटा केला. “मर्व ताडमाड माणूस. दारातून वाकून आत यायचा. त्याने एवढासा दस्ता कशाला केला असेल? खांद्याला लावला तर स्वतःचाच अंगठा नाकात जाईल.”

“अक्कल नव्हती.”

“मर्वला?”

“खाटकांना नसते.”

यावर हेमीने दस्ता खाली ठेवला. तोही त्याच बिरादरीतला. कापलेलं लाकूड म्हणजे पाप, एवढ्यावर त्याचंही डोकं थांबायचं.

मग तेल. अक्रोडाच्या लाकडाला जवसाचं तेल हाताने चोळायचं: रोज एकदा आठवडाभर, आठवड्यातून एकदा महिनाभर, महिन्यातून एकदा वर्षभर, आणि पुढे वर्षातून एकदा मरेपर्यंत. या मंडळींचा हा एवढाच मंत्र. डेसने त्यातच सगळं बसवलं होतं. वर्षातून एकदा रेविनच्या घरी जायचं आणि तेल चोळायचं. मरेपर्यंत. ती चहा देईल, आपण पिऊ. यापुढचं त्याला काही सुचलं नव्हतं, पण एवढं त्याला लग्नाच्या मागणीइतकं स्पष्ट वाटत होतं.

मार्चमधल्या एका शनिवारी त्याने तिला फोन केला. “झालीय,” म्हणाला आणि ठेवून दिला.

ती यायच्या आधी रिवाज उरकला. पुढच्या लाकडाचं थोटूक गेलं, मग तो आखूड दस्ता. हेमीने चांगभलं केलं. लाकूड जुनं, वाळलेलं, कितीतरी वर्षं तेल आणि हाताचा घाम प्यायलेलं, भडकन पेटलं. तेवढ्यात रेविन आलीच, हातात चीज रोलचा ट्रे.

“थंड झालेत, जरा भाजू दे,” म्हणत तिने रोल शेगडीवर मांडले. “अगं बाई, आज शेगडी भलतीच पेटलीय. काय घातलंत?”

“अक्रोड,” डेस म्हणाला.

“वास किती छान येतोय!”

सगळ्यांनी रोल खाल्ले. खरपूस झाले होते. रेविनने स्वतः दोन खाल्ले. मग डेसने टेबलावरचं फडकं काढलं. मंडळी एकदम उठून उभी राहिली, देवळात राहावी तशी. रायफल नव्हतीच ती, सोहळा होता. लाकूड मधासारखं चमकत होतं, नळी काळीभोर, आणि नंबर सगळीकडे तेच.

रेविनने निरखून पाहिली. “सुरेख आहे हो. कुणाची?”

“तुझी.”

“माझी कुठली? माझी तर...” ती थांबली. पुढे झाली, बोल्ट उघडून आत बघितलं, आणि रायफल खांद्याला लावायला गेली. दस्ता काखेत अडकला. खांद्याला टेकवला तर बोट चापापर्यंत पोचेना. बिचारी हात ताणून ताणून उभी.

“दस्ता कुठाय?”

एकाने तोंडातला घास चावायचा थांबवला. हेमीने हातातला अर्धा रोल हळूच ट्रेमध्ये परत ठेवला.

“डेस, माझा दस्ता कुठाय?”

डेसने शेगडीकडे बघितलं. खोटं बोलायला जितके शब्द लागतात तितके त्याच्यापाशी कधी नव्हतेच.

रेविनने फडक्याने शेगडीचं दार उघडलं. आत निखारे होते. ती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, “मर्वने माझ्या मापाने कापला होता तो. रायफल माझी आहे. त्याची वेगळी होती, ती थोरल्या मुलाने नेली.” पुन्हा एकदा आत बघितलं. “आणि मी त्याच्यावर चीज रोल भाजले.”

तिने उरलेले रोल शेगडीशेजारी ओतले, रिकामा ट्रे काखेत मारला आणि गेली. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं, पण तिने ते नीट लावून घेतलं. रायफल टेबलावर तशीच राहिली.

करायला गेलो गणपती आणि झालं माकड, असं आपल्यात म्हणतात. डेसचं उलटं झालं. गणपती झकास झाला होता. मागितलं होतं माकड.

पुढच्या शनिवारी मंडळी आली नाहीत. हेमी तेवढा आला, खायला मीठ लावलेले समुद्रपक्षी घेऊन. ते त्याने शेगडीवर न शिजवता घरी न्यायला सांगितलं.

“गेलास का तिच्याकडे?”

“नाही.”

“जाऊन काय बोलणार हे ठरत नाही, म्हणून?”

डेसने मान डोलावली.

“अरे लेका, तोंडात मिठाची गुळणी धरून आयुष्य घालवलंस तू! एकदा तोंड उघडून ‘कुणासाठी’ एवढं विचारलं असतंस, तर आज तिचा दस्ता शाबूत असता. आता बोलायचं नसेल तर निदान काहीतरी घेऊन जा.”

हे मात्र डेसला कळलं. काही घेऊन जायचं, इथवर त्याची झेप होती. त्याने कपाटाच्या वरच्या खणातून वर्तमानपत्रात बांधलेला एक दस्ता काढला. पहिल्या महायुद्धात सैन्याने बुटक्या शिपायांच्या पलटणी उभ्या केल्या, तेव्हा त्यांच्यासाठी खास आखूड दस्ते निघाले. त्यावर ‘बी’ अक्षर ठोकलेलं असायचं. खरा, न तासलेला ‘बी’ दस्ता म्हणजे या लोकांचं सोनं. डेसने तो आजवर फक्त हेमीला दाखवला होता, आणि तोही हात धुवायला लावून.

रायफल आणि दस्ता घेऊन तो गेला तेव्हा रेविन अंगणात मेंढ्यांच्या शेपटीखालची घाणेरडी लोकर कापत होती. त्याला बघून तिने ‘ये’ नाही म्हटलं, ‘जा’ही नाही म्हटलं.

“ती धर,” ती एवढंच म्हणाली. डेसने रायफल आणि पुडकं भिंतीला टेकवलं आणि दोन पायांत मेंढी धरून उभा राहिला. कात्री चालू लागली.

“चुकलं,” तो मेंढीच्या डोक्यावरून म्हणाला.

“काय चुकलं?”

“विचारलं नाही.”

“अजून?”

“जाळलं.”

“अजून?”

डेसने प्रामाणिकपणे विचार केला. “मर्वला खाटीक म्हणालो.”

“कधी?”

“रोज.”

रेविनने कात्री थांबवली. हसू आलं होतं, पण तिने ते मेंढीकडे तोंड करून गिळलं.

“लग्नानंतरचा पहिला हिवाळा होता,” ती म्हणाली. “मी म्हटलं, मलाही यायचंय डोंगरात. सगळे हसले. मर्व हसला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दस्ता ठेवला आणि कापला. मी खांद्याला लावायची, तो परत थोडा कापायचा. शेवटी शेवटी टेबलाची कडसुद्धा कापली मेल्याने. तेव्हापासून एकही एप्रिल चुकवला नाही आम्ही. गेले दोन चुकले. या वर्षी म्हटलं, जाऊन बघू एकटीने. नाहीतर कायमचंच राहून जाईल. सोड तिला.”

डेसने मेंढी सोडली. हात पँटला पुसले, पुडकं सोडलं आणि ‘बी’ दस्ता तिच्यापुढे धरला. बसवूनही दिला, तिथेच, उभ्या उभ्या. रेविनने रायफल खांद्याला लावली. बोट चापावर बरोबर पोचलं. डेसला वाटलं, झालं, देव पावला.

“माप ठीक आहे,” ती म्हणाली, “पण खालचं टोक छातीत बोचतंय.”

डेसने दुसरीकडे बघितलं.

“लाजतोस काय? शिपायांना नसते, मला आहे. मर्वने म्हणून तर तिरका छाटला होता. हे टोक काप.”

“हा बुटक्या शिपायांचा आहे. खरा.”

“मग?”

“असे फार राहिले नाहीत.”

“माझ्यासारख्या किती राहिल्यात?”

डेसने दस्त्यावरच्या त्या ‘बी’ अक्षराकडे बघितलं. मग तो गाडीपाशी गेला आणि करवत घेऊन आला. लाकूड फोडायच्या ओंडक्यावर दस्ता आडवा ठेवला. रेविनने दुसरं टोक दाबून धरलं. पण आधी पेन्सिलीने खूण करायला तिला पुन्हा खांद्याला लावायला सांगावं लागलं, आणि टोक कुठे टेकतं हे बघायला जवळ जावं लागलं. तो हातभर लांबूनच बघत होता.

“हात लावलास तर मी मोडणार नाही,” रेविन म्हणाली.

त्याने तिचा खांदा धरला, दोन बोटांनी, आणि खूण केली. मग कापलं. गिरणीत उभी जंगलं चिरलेला माणूस, पण असा घाम त्याला कधी फुटला नव्हता. टोक गळून गवतात पडलं. त्याने कानशीने कड गोल केली, पॉलिश पेपर मारला, पुन्हा तिच्या खांद्याला लावून बघितलं, पुन्हा घासलं. ऊन कलंडलं तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

रेविनने रायफल उचलली. गाल लाकडावर टेकला. डोळा मिटला. डोंगराकडे तोंड करून ती तशीच उभी राहिली, इतका वेळ की कुत्रीही उठून बसली.

“कसा आहे?” डेसने विचारलं. आपणहून.

“मर्वच्यापेक्षा चांगला बसतो,” ती म्हणाली.

आणि रायफल ओंडक्याला टेकवून, तिथेच बसून, तोंडावर ॲप्रन घेऊन रडायला लागली. चांगली हमसून हमसून. मर्वच्या मयताला ती रडली नव्हती, गावाने बोलूनही दाखवलं होतं.

“कुणी सांगितलं होतं तुला इतका चांगला करायला?” ती ॲप्रनमधूनच ओरडली. “त्याचा डावीकडे ओढायचा. इतकी वर्षं मी मान वाकडी करून नेम धरला. मला वाटायचं, रायफल अशीच असते. आता मला कळलं, त्याला नीट कापताच येत नव्हतं! हे कशाला कळायला हवं होतं मला?”

डेस करवत हातात धरून उभा होता. त्याने दस्त्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

“वाकडा करू का थोडा?”

रेविनने ॲप्रन खाली घेतला. हा थट्टा करतोय की काय, हे बघत राहिली. डेस थट्टा करत नव्हता. त्याने करवतीची मूठ पक्की धरली होती आणि ती ‘हो’ म्हणायची वाट बघत होता.

“नको,” ती नाक पुसत म्हणाली. “असू दे. होईल सवय.”

दोघं टेकली होती, ती ओंडक्यावर, तो पालथ्या बादलीवर. मेंढ्या जिकडे तिकडे पांगल्या होत्या.

“पुढून मात्र जड करून ठेवलीस,” ती म्हणाली. “वर डोंगरातल्या शिकारीच्या झोपडीपर्यंत मी एकटी नाही नेणार.”

“मी नेतो.”

“आणि वाटेत बोलावं लागेल. दिवसभराची चढण आहे. मर्व सारखा बोलायचा.”

डेस घाबरला. “काय बोलू?”

“ते मला विचारू नकोस,” रेविन उठत म्हणाली आणि तिने शिट्टी मारून कुत्र्यांना मेंढ्यांमागे पाठवलं. “एप्रिल यायचाय अजून. तयारी कर.”